शेवटचा हात

रविवारच्या चाचणीसाठी ब्याण्णव किलोचा माणूस हवा होता. तेवढ्या वजनाचं, हातातलं काम सोडून येणारं आणि जावयाला नाही म्हणू न शकणारं माणूस अख्ख्या जोहे गावात एकच होतं, ते म्हणजे निकेशची सासू.

"मी ब्याण्णव नाय हां," सीताबाई स्टुलावरून गाडीवर चढता चढता म्हणाल्या. "परवाच दवाखान्यातल्या काट्यावर उभी राहिले. सत्त्याऐंशी."

"मग पाच किलो हातात घ्या, मामी."

मूर्तीच्या कारखान्यात पाच किलोची वस्तू शोधायला लांब जावं लागत नाही. मंडळाच्या मोठ्या गणपतीसमोर ठेवायचा एक प्लास्टरचा उंदीर यंदा विकला गेला नव्हता. तो पांढराफटक उंदीर सीताबाईंच्या मांडीवर आला. दीपिकाने समोरून हँडल धरलं, आणि निकेश मेजपट्टी घेऊन मागच्या चाकापाशी उकिडवा बसला.

"हलू नका, मामी. श्वास घ्या, पण हळू."

"जावई काय करतायत गो?" सीताबाईंनी मुलीला विचारलं.

"गाडी किती दबते ते मोजतायत."

"मला सांगायचं ना मग. दबणारच."

डोंगरात चालवायच्या मोटरसायकलचं असंच असतं. चालवणारा बसला की ती किती दबते हे मोजून मागची स्प्रिंग कसावी किंवा सैल करावी लागते. कमी दबली तर दगडावरून उसळून माणसाला फेकते, जास्त दबली तर वळत नाही. प्रत्येकाच्या वजनाला गाडी वेगळी लावावी लागते. निकेशला हे काम येत होतं, मनापासून आवडत होतं, आणि पेणपासून रोह्यापर्यंत ते नीट करणारा दुसरा कुणी नव्हता. दुर्दैवाने पेणपासून रोह्यापर्यंत ते करून घेणाराही कुणी नव्हता.

तीन वर्षांपूर्वी रोह्यातल्या ज्या शोरूमचं गॅरेज तो सांभाळायचा ते बंद पडलं, तेव्हा सासरे काळुराम मोकल म्हणाले होते, "दोन महिने इकडं या. कारखान्याचा अर्धा पत्रा रिकामाच हाय." ते दोन महिने अजून चालू होते. घरात आपली किंमत किती उरली हे निकेशला ताटात कळायचं. पहिल्या महिन्यात जिताडा, इकडचा मानाचा मासा, यायचा, त्यातलाही मधला तुकडा, जावयाचा. मग जिताड्याची शेपटी आली. मग बोंबील आले. गेलं वर्षभर सुकट चालू होती आणि गेल्या सोमवारी सुकटीतलं नुसतं वांगं. कुणी वाईट बोलत नव्हतं. तेवढं केलं असतं तरी भांडून निघून जाता आलं असतं.

आणि आता कोलाडहून बोलावणं आलं होतं. तिथे नदीकाठी 'रानवाट' नावाचा कॅम्प निघाला होता. पाहुण्यांना डोंगरात फिरवण्यासाठी त्यांना आठ गाड्या ठेवायच्या होत्या, आणि त्या सांभाळायला कायमचा माणूस हवा होता. मालकीण प्रणिता मॅडमनी दोन गाड्या नमुन्यादाखल तयार करायला पाठवल्या होत्या. रविवारी रोह्याच्या पलीकडच्या डोंगरात त्या चालवून बघायच्या. पसंत पडल्या तर काम निकेशचं, आणि कामाबरोबर शेडमागच्या दोन खोल्या. निकेश त्या खोल्या बघून आला होता. आतल्या खोलीला नदीकडे उघडणारी खिडकी होती. पंखा कितीवर ठेवायचा हे जिथे आपलं आपण ठरवायचं, अशी खोली माणसाला एकतिसाव्या वर्षी मिळावी ही काही फार मोठी मागणी नव्हती.

"झालं, उतरा मामी."

"उंदीर कुठं ठेवू?"

तेवढ्यात कारखान्याच्या दारात काळुराम येऊन उभे राहिले. बासष्टीचे, सडपातळ, कानामागे ब्रश खोचलेला. चाळीस वर्षं ते मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होते. मूर्ती घडवणारे हात जोह्यात घरोघर सापडतील, पण डोळे आखायला आजूबाजूचे कारखानेवाले त्यांच्याकडे यायचे. गणपती होऊन गेले की मात्र कारखाना दीड-दोन महिने थंड असे, आणि त्या दिवसांत काळुरामांचे हात नुसते शिवशिवत असत. मागच्या वर्षी त्यांनी पाण्याची टाकी रंगवली होती. आता त्यांनी दोन्ही गाड्यांभोवती एक चक्कर मारली आणि चाक अंगठ्याने दाबून बघितलं.

"जावईबापू, हवा गेलीय."

"गेली नाय मामा, मीच काढली. दगडावर टायर जरा पसरला पाहिजे. नायतर घसरतो."

"असं व्हय. चैन लोंबतेय ती?"

"तीन बोटं सैल लागते. गाडी दबली की आपोआप ताणली जाते."

"आणि हे ब्रेकचं दांडकं हातानं फिरतंय."

"गाडी पडली तर ते फिरलं पाहिजे मामा, मोडलं नाय पाहिजे."

काळुरामांनी दांडकं पुन्हा एकदा फिरवून बघितलं. "म्हणजे गाडी पडणार हे तुम्ही आधीच धरून चाललाय."

"डोंगरात पडतेच."

"असं व्हय," काळुराम म्हणाले. त्यांच्या 'असं व्हय'चा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता. "आणि टाकीवर हा चिखलाचा डाग? तोपण मुद्दाम?"

"तो पुसून काय करायचं? परत चिखलातच जायचीय."

हे मात्र निकेशने बोलायला नको होतं. जोह्यात कारखान्यातून मूर्ती बाहेर पडायच्या आधी मालक तिच्यावर शेवटचा हात फिरवतो. कुठे रंग उडालाय का, बोटाची कड दुखावलीय का, सगळं बघतो. अनंत चतुर्दशीला मूर्ती पाण्यातच जायची असते, म्हणून काही तिला डाग ठेवून कुणी देत नाही. काळुरामांच्या दारातून चाळीस वर्षांत डागाची वस्तू बाहेर पडली नव्हती, आणि आता जावयाच्या नावाने दोन जाणार होत्या.

"गिऱ्हाईक आधी डोळ्यानं घेतं, जावईबापू," ते म्हणाले.

"हे गिऱ्हाईक बसून घेतं, मामा," निकेश म्हणाला, आणि मेजपट्टी गुंडाळून आत गेला. त्याला वाटलं, आपण जिंकलो.

शनिवारी सकाळी तो रोह्याला निघाला. चाचणीची वाट आधी चालून बघायची होती, पावसात माजलेली झुडपं तोडायची होती, वळणावर फिती बांधायच्या होत्या. रात्री मोठ्या भावाकडे मुक्काम, आणि रविवारी सकाळी रघूच्या टेम्पोतून गाड्या थेट डोंगराच्या पायथ्याशी, असं ठरलं होतं. निघताना त्याने सासऱ्याला हात जोडले.

"मामा, गाड्या अगदी तयार हायत. कुणाला हात लावू देऊ नका."

"माझ्याशिवाय कोण लावतंय?" काळुराम म्हणाले. निकेशने ते ऐकलं, पण पेणची एसटी समोर दिसत होती.

दीपिकासुद्धा त्या दिवशी घरात नव्हती. ती पेणला पडद्याचं कापड घ्यायला गेली होती. न मिळालेल्या खोलीच्या खिडकीचं माप तिच्या पर्समध्ये महिनाभर होतं, आणि आता तिला राहवेना. निळं, बारीक पांढऱ्या फुलांचं कापड घेऊन ती संध्याकाळी परतली तेव्हा दोन्ही गाड्या पांढऱ्या धोतरांखाली झाकलेल्या होत्या. निकेशचा फोन आला तेव्हा तिने तसं सांगितलं.

"बाबांनी वरून कापड टाकलंय. बोलले, कुणी उचलायचं नाय."

"धूळ बसू नये म्हणून?"

"तसंच असेल. दिवसभर तिथंच राखण करत होते, असं आई बोलली. जेवायलापण आले नाय."

निकेशला भरून आलं. आपण या माणसाला फार कडू समजलो, असं त्याला वाटलं. भावाकडे त्या रात्री तो तीन वर्षांत पहिल्यांदा शांत झोपला, आणि सासऱ्याबद्दल एवढं चांगलं त्याला पुन्हा कधीच वाटलं नाही.

रविवारी आठ वाजता पायथ्याच्या माळावर प्रणिता मॅडम हजर होत्या. पस्तिशीच्या, भराभर बोलणाऱ्या, एक डोळा कायम फोनवर. त्यांच्याबरोबर हर्षद होता, कॅम्पचा मुख्य रायडर, ब्याण्णव किलो, गुडघ्यापर्यंत बूट. निकेशने त्यांना वाट समजावून सांगितली. दोघं माना डोलावत होते. सगळं सुरळीत चाललं होतं आणि तेवढ्यात टेम्पो आला.

टेम्पोत भाताचा पेंढा अंथरला होता. पेंढ्यात मधोमध दोन गाड्या उभ्या होत्या आणि दोघींच्या हँडलवर नवा कोरा रुमाल बांधून तोंड झाकलेलं होतं, घरी नेताना मूर्तीचं झाकतात तसं. काळुराम पांढराशुभ्र सदरा घालून ड्रायव्हरशेजारून उतरले. रघूने गाड्या उतरवल्या.

"मामा, हे रुमाल कशाला?" निकेशने पुढे होत विचारलं.

"मॅडम, तुमच्या हातानं काढा," काळुराम म्हणाले.

प्रणिता मॅडमनी हसत रुमाल काढला आणि हसायच्या थांबल्या.

गाडी त्यांच्याकडे बघत होती. पुढच्या दिव्याच्या दोन बाजूंना दोन डोळे आखलेले होते, चाळीस वर्षांच्या हाताचे, शांत, पापण्या किंचित मिटलेल्या. टाकी पिवळ्याधमक पितांबराची, तिला लाल काठ. मडगार्डवर शेल्याच्या चुण्या. चाकांच्या रिमा सोनेरी, चेन सोनेरी, आणि सगळ्यावरून वॉर्निशचा असा हात की सकाळच्या उन्हात बघवेना. दुसऱ्या, हर्षदसाठीच्या गाडीचे डोळे जरा उग्र होते.

"ओह माय गॉड," प्रणिता मॅडम म्हणाल्या, आणि फोन वर केला.

निकेश टायरपाशी बसला. टायर दगडासारखा. चेनवर बोट ठेवलं, ती तारेसारखी ताठ. ब्रेकचा दांडा हलेना. मग त्याने ब्रेकच्या चकतीकडे पाहिलं आणि तिच्यात त्याला स्वतःचं तोंड दिसलं.

"मामा," तो हळूच म्हणाला, "चकतीलापण वॉर्निश मारलंत?"

"दोन हात!" काळुराम म्हणाले. "लोखंड उघडंच होतं. फवाऱ्याच्या कंप्रेसरनं हवा भरली. नट सगळे आवळले. आणि आत एक स्पंज होता, तेलानं बरबटलेला. तो तुमच्या सासूनं सोड्याच्या पाण्यात धुतला, पांढरा झाला. तुम्हाला तेवढं दिसलं नसेल."

त्या स्पंजला निकेशने शुक्रवारी अर्धा तास तेल चोळलं होतं. इंजिनात जाणाऱ्या हवेतली धूळ त्यातच अडकते.

"मी बसतो," हर्षद हेल्मेट घालत म्हणाला.

आता दोनच गोष्टी शक्य होत्या. एक म्हणजे सगळ्यांसमोर सांगायचं, की माझ्या सासऱ्याने गाड्यांची वाट लावली, या चालवू नका. तीन वर्षं ज्याच्या घरचं खाल्लं, तो पांढरा सदरा घालून समोर उभा होता आणि त्याचे डोळे लाल होते. ते वॉर्निशने झाले होते की जागरणाने, कोण जाणे. दुसरी म्हणजे गप्प बसून हर्षदला उतारावर मरू द्यायचं. निकेशने तिसरीच निवडली. जन्मभर तो असंच करत आला होता.

"आधी मी एक फेरी मारतो," तो म्हणाला. "इंजिन गरम व्हायला हवं."

त्याला वाटलं होतं, सपाटीवर थोडं जाऊ, चकती घासून घासून वॉर्निश जाईल, वळणामागे हवा काढू, चेन सैल करू, पाव तासात सगळं निस्तरू. तो गाडीवर बसला. सीट किंचित चिकटल्यासारखी वाटली. काळुरामांनी सीटलाही दोन हात दिले होते, आणि वरून धोतर झाकल्याने ते रात्रभर वाळलं नव्हतं.

गाडी दोनदा खोकली, तिसऱ्यांदा सुटली. पहिल्याच दगडावर टणक टायरने तिला उडवलं आणि तोंड उताराकडे केलं. निकेशने ब्रेक दाबला. चकतीतून मांजरासारखा आवाज आला आणि वेग जरासुद्धा कमी झाला नाही. मागचा ब्रेक दाबला, तिथेही तेच मांजर. खाली कुणाचं तरी कापायला आलेलं भाताचं खाचर होतं. पाणी ओसरलं होतं, चिखल होता. अशा वेळी गाडी सोडून बाजूला उडी मारायची असते. हे निकेशने आजवर कितीतरी जणांना शिकवलं होतं. त्याने उडी मारली, पण नुसती वरच्या अंगाने. पँट सीटवरच राहिली होती आणि पँटीत तो होता. सीटने त्याला सोडलं नाही. बांध ओलांडून दोघं जोडीनेच भातात गेले.

हर्षद आणि काळुराम धावत आले. एकाने काखेत हात घातले, एकाने गाडी धरली. फाटल्याचा मोठा आवाज झाला आणि निकेश मोकळा झाला. पँटीची मागची बाजू मात्र सीटवरच राहिली. प्रणिता मॅडम बांधावर उभ्या होत्या आणि त्यांचा फोन अजून वर होता.

"लागलं का हो?" काळुरामांनी विचारलं. त्यांचा सदरा चिखलाने भरला होता.

मग निकेशचं सुटलं. "ब्रेकला वॉर्निश मारतं का कुणी, मामा? ब्रेकला? तुम्हाला सांगितलं होतं हात लावू नका! त्या दोन खोल्या होत्या माझ्या! तीन वर्षांनी मला एक दार मिळत होतं, त्यावर रंग फासलात तुम्ही!"

काळुरामांनी कानामागचा ब्रश काढला आणि हातात फिरवत राहिले.

"मला ठाऊक होतं तुम्हाला जायचंय ते," ते म्हणाले. "म्हणून काल दिवसभर बसलो. गेलात तर आमच्या दारातून नीट जावं, एवढंच होतं. गाडी डागाची, जावई डागाचा, असं मागनं कुणी बोलू नये."

निकेशला मारल्यासारखं झालं. हे त्याच्यासाठीच केलेलं होतं. माणसाने आपलं वाटोळं वाईट हेतूने केलं तर निदान चिडायला तरी जागा राहते.

"एक मिनिट," प्रणिता मॅडम बांधावरून म्हणाल्या. "काका, हे डोळे तुम्ही हाताने काढले? स्टिकर नाही?"

"हातानं. स्टिकर कशाला?"

"सहा मिनिटांपूर्वी फोटो टाकला मी. अडीचशे लोकांनी विचारलंय, ही गाडी कुठे मिळेल." त्यांनी हर्षदकडे बघितलं.

"खरं सांगू?" हर्षद हेल्मेट काढत म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती. "शंभर पाहुण्यांतले पाच गाडी चालवतात. बाकीचे बसून फोटो काढतात. आणि ते पाचही पडतात."

"आणि मग माझ्याशी भांडतात," प्रणिता मॅडम म्हणाल्या. "काका, आठही गाड्या अशा करून द्याल? नदीच्या बाजूला ओट्यावर लावू. चालवायच्याच नाहीत. कायम यावं लागेल पण, रंग उडतो ना. राहायला दोन खोल्या आहेत."

भातात उभा राहून निकेश ऐकत होता. एक हात त्याला मागे धरावा लागत होता.

"माझं घर हाय जोह्याला," काळुराम म्हणाले. "आणि हे काम जावयाचं हाय, मॅडम. गाड्या त्यांनीच लावल्यात. मी नुसता शेवटचा हात फिरवला."

"हो, हो, त्यांनाही घ्या ना," प्रणिता मॅडम मोकळेपणाने म्हणाल्या. "पुसायला, धुवायला कुणीतरी लागेलच."

दिवाळीनंतर कारखाना भाड्याने देऊन ते कोलाडला राहायला गेले. चौघंही. काळुरामांनी एकट्याने जायला साफ नकार दिला होता. "पोरीला, जावयाला सोडून मी खोल्या घेऊ? एवढा का मी हलका हाय?" असं ते म्हणाले, आणि खरंच तसे ते नव्हते. आतली खोली सीताबाईंच्या गुडघ्यांमुळे त्या दोघांना गेली. तिथेच नदीकडची खिडकी होती. दीपिकाचा निळा पडदा तिला अगदी बरोबर बसला. निकेश आणि दीपिका बाहेरच्या खोलीत झोपत. पंख्याचं बटण आत होतं.

आठ गाड्या ओट्यावर ओळीने उभ्या राहिल्या. इंजिनातून तेल गळलं तर रंग खराब होतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात निकेशने आठही गाड्यांतलं तेल आणि पेट्रोल स्वतःच्या हाताने काढून टाकलं. टायरांत फुल्ल हवा भरली, फोटोत चांगले दिसतात म्हणून. चेना ताणल्या. ते काम त्याने उत्तम केलं. हाताला वाईट काम करायची सवयच नव्हती. रोज सकाळी तो फडकं घेऊन आठ जोडी डोळे पुसायचा आणि ते डोळे शांतपणे त्याच्याकडे बघायचे.

डिसेंबरात पाटी लागली. काळुरामांनी ती स्वतः रंगवली होती आणि स्वतःच शिडीवर चढून ठोकत होते. निकेशने खाली शिडी धरली होती. आत जिताडा शिजत होता, कारण प्रणिता मॅडम जेवायला येणार होत्या. दीपिका ओट्यावर आली आणि तिने पाटी वाचली. लाल काठात, पिवळ्या अक्षरांत, वळणदार लिहिलं होतं: 'काळुराम मोकल आणि जावई'.

"बाबा, यांचं नाव कुठं हाय?"

"हाय की गो," वरून काळुराम तोंडात खिळा धरून म्हणाले. "जावई म्हणजे तेच ना? मला दुसरा जावई कुठं हाय?"

निकेशने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. ती सोडून द्यावी असं त्याला फक्त एकदाच वाटलं.